एकाच हाळाचं पाणी

सभापती धैर्यशीलनानांना कुठं दम म्हणून निघत नव्हता. आमच्या गावच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्याला टाळं लावायचा ठराव त्यांना दुपारच्या आत हवा होता. "ज्याचं जनावर, त्यानं खाजगी डॉक्टर बोलवावा. साऱ्या गावाची गुरं सरकारनं का टोचायची?" असं म्हणत ते दवाखान्याच्या ओट्यावर येरझारा घालत होते. समोर गुरांच्या दगडी हाळावर त्यांचा नवा खिलार बैल पाणी पीत होता.

म्हशीला लस टोचून घ्यायला आलेली हौसाक्का म्हणाली, "पटलं, नाना." आणि आपली म्हैस घेऊन ती थेट हाळाकडं निघाली.

नाना ओरडले, "अगं अक्का, थांब! तिला लाळ्या-खुरकताची लस दिलीस का?"

"नाही. खाजगी डॉक्टर बोलवावा असं मला अजून वाटलं नाही."

"माझा बैल कालच टोचलाय! लस लागू पडायला तीन आठवडे जातात, तोवर एका पाण्यातून रोग लागतो! आधी म्हशीला टोच, मग पाण्यावर आण!"

म्हैस आपली चालतच होती. नानांनी ओट्यावरून उडी टाकली आणि हात पसरून ते तिला आडवे झाले.

हौसाक्कानं दावं आवरलं. "म्हैस माझी, पण तिला टोचायची घाई तुम्हाला. मग नाना, डॉक्टर कुणी बोलवायचा?"

नानांनी मागं वळून बैलाकडं पाहिलं, मग दवाखान्याच्या दाराकडं पाहून हाक मारली, "डॉक्टर, आधी हिला घ्या!"