महानंदाचा तांब्या

"पण अज्जा, माझ्या गावात येऊन ती माझ्या घरी का उतरली न्हाई?"

शिवमूर्ती आप्पांनी हे पुन्हा विचारलं. मठाच्या ओसरीवर आम्ही चार-दोन माणसं बसलो होतो. अज्जा, म्हणजे मठाचे म्हातारे स्वामी, वाती वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

शिवमूर्ती तोडकरी म्हणजे आमच्या हत्तरखेडचे भांड्यांचे व्यापारी. गावात लग्न असो की कुणाच्या दिवसांचं जेवण, पातेली-पराती आप्पांच्या दुकानातून फुकट जायच्या. उन्हाळ्यात पाणपोई त्यांची. बेवारशी माणूस मेला तर सरणही त्यांचंच. या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात. आप्पांचं मात्र दोन्ही हातांना कळायचं, वर सगळ्या पेठेलाही. दान दिलेल्या प्रत्येक भांड्यावर ते स्वतः नाव कोरत. दुकानात नोकर होते, पण कोरायला आप्पाच बसायचे. अक्षर मोत्यासारखं, आणि त्याचा त्यांना अभिमान.

मठातल्या परातीवरही ते अक्षर होतं. आम्हाला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. फुकटच्या गाईचे दात कोण मोजतो?

महानंदा त्यांच्या घरी वाढलेली. भिंत कोसळून तिचे आईबाप गेले, तेव्हा ढिगाऱ्यातून तिला आप्पांनीच उचलून घरी नेलं होतं. पुढे थाटात लग्न लावून दिलं. सगळं गाव जेवलं. पण सासरी गेली ती गेलीच. सणाला नाही, बाळंतपणाला नाही, पोरगी माहेरी फिरकली नाही.

आज सकाळी ती आली, आणि एस.टी.तून उतरून सरळ मठात शिरली. आत स्वयंपाकघरात बसली होती. दाराला पडदा होता.

"उद्या माझा सत्कार हाय," आप्पा म्हणाले. "तालुक्याची माणसं येणार. ह्या पोरीनं स्टेजवर उभं राहून दोन शब्द बोलावं, एवढंच पत्रातनं मागितलं मी. तर ही मठात येऊन बसली. लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"ज्यानं वाढवलं त्याच्या दारात पाय ठेवत न्हाई म्हणतील."

"मग खरंच म्हणतील की."

आप्पांचा चेहरा उतरला. सत्काराचं राहिलं बाजूला. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"अज्जा, सत्कार गेला खड्ड्यात. पोरगी तोंड का दाखवत न्हाई, एवढंच सांगा. रात्री ताप आला की माझ्या छातीवर झोपायची ती. माझी बायको मरताना तिचं नाव घेत होती. तवाबी आली न्हाई..."

अज्जांनी वाती ताटलीत ठेवल्या.

"शिवमूर्ती, मला तहान लागली."

"आं?"

"पाणी दे. तो तांब्या घे, खांबापाशी हाय तो."

आप्पा उठले. खांबापाशी तांब्याचा एक तांब्या होता. सकाळी तिथे नव्हता. आप्पांनी तो रांजणात बुडवला आणि घेऊन आले. ओसरीवर पाण्याचा माग उमटला. त्यांचं धोतर भिजलं.

"हा गळतोय."

"बघ, कुठं गळतोय ते."

आप्पांनी तांब्या उजेडात धरला. आता ते व्यापारी झाले. अंगठ्यानं पोट चाचपलं, काठावर टिचकी मारली.

"माल माझ्याच दुकानचा. पण माझ्याकडनं फुटका माल जात न्हाई, अज्जा. हे भोक पाडलंय कुणीतरी. कानस चालवलीय इथं. बगा की, किती घासलंय."

"तिथं काय होतं?"

"नाव असतंय तिथं."

"काय नाव?"

"ज्याला दिलं त्याचं, न् खाली माझं." आप्पा थांबले. त्यांनी तांब्या उलटसुलट केला. "हा महानंदाच्या रुखवतातला."

"तुझ्या उमाच्या रुखवतावर काय घातलं हुतंस?"

उमा ही आप्पांची पोटची मुलगी.

"'चि. उमा हिस, आई-आप्पांकडून.'"

"आणि हिच्या?"

"पाठ हाय मला. दोन रात्री बसून कोरलं हुतं. हंड्यापासून चमच्यापर्यंत एक भांडं सोडलं न्हाई." आप्पांनी बोट त्या घासलेल्या जागेवरून फिरवलं, जणू अक्षरं अजून तिथेच आहेत. "'अनाथ कन्या महानंदा हिच्या विवाहाप्रीत्यर्थ, शिवमूर्ती तोडकरी यांजकडून...'"

"थांबलास का?"

आप्पांनी ती जागा धोतराच्या सोग्यानं पुसली.

"पुढचं म्हण की."

"...सप्रेम भेट."

ते रुखवत मांडवात मांडलं होतं, सगळ्या गावानं वाचलं होतं. आप्पांचं अक्षर काय सुरेख, असं आम्हीच एकमेकांना म्हणालो होतो.

"तिच्या सासूला वाचता येत न्हाई," अज्जा म्हणाले. "पण ती अक्षरं काय सांगतात, ते तिनं कुणाकडनं तरी वाचून घेतलं. घरी पाहुणा आला की महानंदाला हाक मारायची. ह्याच तांब्यातनं पाणी द्यायला लावायची. अक्षरं पाहुण्याकडं करून."

आप्पांनी तांब्याची ती बाजू स्वतःकडे वळवली.

"बाकीच्या भांड्यांवरचं महानंदानं घासून काढलं. ह्याच्यावरचं निघंना. तू खोल कोरतोस."

"मला ठाऊक न्हवतं." आप्पा खाली बसले. बसले कसले, कोसळलेच. "देवाशपथ ठाऊक न्हवतं. वाईट मनानं घातलं न्हवतं मी."

"न्हाईच."

"लोकांना कळावं म्हणून..."

ते तिथेच अडकले. आपण काय बोललो ते त्यांच्याच कानांनी ऐकलं असावं. एवढा मोठा माणूस असा बसलेला मी कधी पाहिला नव्हता. मला त्यांची भीती वाटली आणि दयाही आली.

मग ते उठायला लागले.

"मी नवी भांडी देतो. आत्ता दुकान उघडतो. सगळा संसार नवा देतो, एक अक्षर न घालता..."

"शिवमूर्ती."

"जी."

"मी पाणी मागितलं हुतं."

आप्पा जागीच उभे राहिले. रांजणाकडे गेले. ओसरीवर पितळी तांबे होते, पेले होते. त्यांनी कशालाच हात लावला नाही. तोच तांब्या भरला आणि भोकावर अंगठा दाबला. धार थांबली.

अज्जांनी ओंजळ पुढे केली. आप्पा वाकून ओतायला लागले. अंगठा तिथेच घट्ट होता, जिथे त्यांचं नाव होतं. त्यांचे डोळे वाहत होते, ते पुसायला दुसरा हात मोकळा नव्हता.

अज्जा सावकाश प्यायले. दाढीवरचं पाणी पुसलं.

आप्पांनी उरलेलं पाणी तुळशीला घालायला तांब्या तिरका केला. तेवढ्यात आत बांगड्या वाजल्या. पडदा थोडा हलला. कुणी बाहेर मात्र आलं नाही.

अज्जांनी पुन्हा वाती वळायला घेतल्या.

"अंगठा काढू नको," ते म्हणाले. "तिनं सकाळपासून पाणी घेतलं न्हाई."