कुलथ्यांचं फाटक

कृष्णाकाठच्या एका गावात नरहर गिजरे नावाचे कारागीर राहत होते. खेळण्यातल्या जुन्या आगगाड्यांचे सिग्नल, फलाटावरचे इवलेसे दिवे, गाडी आली की आपोआप पडणारी फाटकं, असलं काही बंद पडलं की लोक लांबून त्यांच्याकडे घेऊन येत. नरहरराव मीटरच्या दोन वायरी लावत, काट्याकडे बघत आणि दोष कुठे आहे ते सांगत. त्यांचं निदान कधी चुकत नाही, असं सगळे म्हणत.

त्यांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. कित्येकदा दोन-दोन दिवस कोणाशी एक शब्द बोलणं होत नसे. आपलं निदान चुकत नाही, एवढ्या एका गोष्टीचीच त्यांना आता सोबत होती.

एकदा शेजारच्या तालुक्यातून रेवतीबाई कुलथे आल्या. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पत्र्याचं एक छोटं फाटक काढलं.

"वर्ष झालं, पडतच नाही," त्या म्हणाल्या. "ह्यांचं होतं. हे गेले, आणि हेही बंद पडलं."

नरहररावांनी फाटकाच्या कॉइलला, म्हणजे फाटक पाडणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला, वायरी लावल्या. काटा जागचा हलला नाही.

"कॉइल आतून तुटलीय," ते म्हणाले. "आणि ही मूळची नाही. कोणीतरी हाताने गुंडाळलीय. कच्चं काम आहे. आता हे शोभेला ठेवा."

नरहररावांच्या वहीत रेवतीबाईंचा नाव-पत्ता लिहून झाला होता, तेवढा तसाच राहिला. फाटक त्यांनी पुन्हा कागदात गुंडाळलं आणि त्या निघून गेल्या.

तिसऱ्या दिवशी नरहरराव एक सिग्नल तपासत होते. त्याचा हिरवा दिवा समोर लख्ख लागला होता, आणि मीटर सांगत होता की वीज नाही. ते चमकले. त्यांनी मीटरची वायर टोकाशी जरा वाकवली. काटा उसळला. सोडली, काटा पडला. वायर आतून तुटली होती. वरचं रबर धड होतं, म्हणून दिसलं नव्हतं.

नवी वायर बसवायला पाच मिनिटं लागली. पण त्याच वायरीने रेवतीबाईंचं फाटक तपासलं होतं, हे त्यांना आठवलं. बाई परत येणार नव्हत्या. कोणाला कधी कळणारही नव्हतं. जेवायला बसले आणि ताटावरून तसेच उठले. 'कोणीतरी हाताने गुंडाळलीय' असं आपण म्हणालो, तेव्हा बाईंचा चेहरा कसा झाला होता, ते त्यांना आता दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी वहीतला पत्ता बघून, मीटर पिशवीत घेऊन, सकाळच्या एसटीने ते कुलथ्यांच्या घरी गेले. रेवतीबाईंनी दार उघडलं. नरहरराव उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"वहिनी, त्या दिवशी तुटलेली होती ती माझी वायर. मी दोष तुमच्या कॉइलला दिला."

"एवढं सांगायला आलात?"

"हो. आणि जमलं तर फाटक बघायला."

रेवतीबाईंनी कपाटावरून फाटक काढून आणलं. कागदही सोडलेला नव्हता.

"ह्यांनीच गुंडाळली होती," त्या म्हणाल्या. "सोनारकाम करायचे. केसाएवढी तार, तीन दिवस बसले होते. तुम्ही कच्चं म्हणालात, मग मला ते बघवेना."

नरहररावांनी वायरी लावल्या. या वेळी काटा सरकला. कॉइल शाबूत होती. दोष होता तो एका स्क्रूखाली धरलेल्या गंजाचा. त्यांनी पॉलिशपेपरने गंज घासून काढला आणि वीज दिली. फाटक टक्कन खाली पडलं.

"इतके सारखे वेढे मला घालता आले नसते," नरहरराव म्हणाले.

रेवतीबाईंनी पदराने डोळे टिपले आणि चहा ठेवला. नरहरराव निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, "फाटकाचं काय झालं म्हणून गावात चार जणांनी विचारलं होतं मला. आता काय सांगू? तुमचं निदान चुकलं म्हणून?"

नरहररावांनी पिशवी उचलली. "चुकलं, असंच सांगा," ते म्हणाले.

बातमी पसरली. काहींनी आपल्या वस्तू दुसरीकडे नेल्या. नरहररावांच्या दारावरची थाप आणखी विरळ झाली. घर होतं त्याहून शांत झालं.

महिन्याभराने एक पोस्टकार्ड आलं. त्यावर दोनच ओळी होत्या: 'फाटक चालू आहे. मी रोज दिवेलागणीला एकदा पाडते.' नरहररावांनी ते दारात उभ्यानेच वाचलं, मग आत येऊन खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. त्या दिवशी ते नीट जेवले.

तात्पर्य: दुसऱ्याच्या कामात खोट काढण्याआधी आपलं मोजमाप तपासून घ्यावं, आणि चूक आपली निघाली, तर ती ज्याच्या मनाला लागली त्याच्या दारी जाऊन कबूल करावी, मग त्यात आपला नावलौकिक गेला तरी बेहत्तर.