गाव मागाहून विचारणारी विहीर

आधी पाणी प्या. नाव-गाव मग विचारतो. हसू नका, या गोड्या विहिरीचा रिवाजच तसा आहे. मी जनार्दन तांडेल, इथला कोळी. विहिरीच्या जाळीची किल्ली आमच्याच घरात असते. समुद्र पलीकडच्या गल्लीत, चहूबाजूंनी उंच इमारती, तरी पाणी शहाळ्यासारखं गोड. ते का, ते ऐका.

मुंबई तेव्हा मुंबई नव्हती म्हणे. सुटी सुटी बेटं आणि मधे खाडी. एका वर्षी पावसानं दडी मारली, साऱ्या विहिरी आटल्या, हीच तेवढी राहिली. हिचं पाणी वाटायचं काम जैतूबाय नावाच्या कोळणीकडे होतं. पंचांनी तिला बजावलं, आधी गाव विचार. आपल्यातला असेल तरच पाणी घाल. माणूस दिसला की आपला पहिला प्रश्न हाच असतो, त्यामुळे तिलाही त्यात काही गैर वाटलं नाही. घाटावरून, दूरच्या किनाऱ्यांवरून माणसं यायची आणि कोरड्या तोंडानं परत जायची.

मग एक दिवस पोहऱ्यात खारं पाणी आलं. समुद्र आत शिरला, असं कुणी म्हणालं. जाणती मंडळी म्हणाली, विहीर रुसली. जैतूच्या घरी लेक बाळंतीण, तापानं फणफणलेली. गोडं पाणी उरलं होतं ते एक तांब्याभर. त्यातलं ओंजळभर विहिरीला वाहून नवस बोलावा, म्हणून ती तांब्या घेऊन इथं आली.

तेवढ्यात खाडीच्या चिखलातून एक माणूस सरपटत आला आणि काठाशी कोसळला. सवयीनं तिनं गाव विचारलं. त्याचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. जैतूनं एकदा घराकडे पाहिलं, असं सांगतात. त्या बाईच्या जिवाचं काय झालं असेल, मला अजून कळत नाही.

"आधी पानी पी," ती म्हणाली, "गाव मंग सांग."

तांब्या तिनं त्याच्या तोंडाला लावला. तो घटाघटा प्यायला, आणि त्याच्या हातातून तांब्या निसटून विहिरीत पडला, उरल्या उष्ट्या घोटासकट. आता लेकीला काय पाजू, म्हणून ती रडू लागली. निदान तांब्या तरी निघावा, म्हणून तिनं पोहरा सोडला. वर आलेलं पाणी चाखलं, तर ते गोड होतं. इतक्यांदा सांगितलं, तरी इथं आलो की माझ्या अंगावर काटा येतो.

लेक वाचली. आम्ही तिच्याच वंशातले. जैतूनं मग त्या माणसाला पुन्हा गाव विचारलं. त्यानं विहिरीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"आता ह्येच गाव, आई," तो म्हणाला.

एवढं अफाट शहर उभं राहिलं, जो तो कुठून तरी आलेला. पण आजही इथं पाणी आधी आणि प्रश्न मागाहून.

प्यायलात पोटभर? मग आता सांगा, गाव कोणतं तुमचं?