ज्यांची नावे ठाऊक नाहीत

एकदा एक वृद्ध विदुषी, जिला सारे अक्का म्हणत, आपल्या शिष्येला घेऊन राजधानीत एका मंत्र्याच्या दालनात गेली. शिष्येचे नाव कावेरी. डोंबाऱ्यांच्या पालावर जन्मलेली आणि अक्कांच्या हाताखाली शिकून वकील झालेली. काम तसे साधे होते, पण सरकारदरबारी साधी कामेच जास्त अडतात! शाळेच्या वसतिगृहात राहायचे तर गावचा रहिवासी दाखला लागे. ज्यांचे बिऱ्हाड आज इथे आणि उद्या तिथे, त्यांना दाखला देणार कोण? त्यामुळे पालावरच्या मुली चौथीनंतर दोरीवर परतत, नाहीतर बोहल्यावर चढत. यंदा ती पाळी कावेरीच्या धाकट्या बहिणीवर, मैनावर, आली होती. प्रवेश मिळाला नाही तर तिचे लग्न उरकून टाकायचे, असे बापाने पक्के केले होते.

मंत्रिमहोदय मनाने वाईट नव्हते. त्यांनी चहा मागवला, सगळे ऐकून घेतले आणि हसत म्हणाले, "अहो अक्का, एवढ्यासाठी कायदा कशाला बदलायचा? तुमच्या पालावरच्या मुलींची नावं सांगा. मी आत्ता फोन करतो. उद्या सगळ्या वसतिगृहात."

मैनाचे नाव कावेरीच्या ओठांवर आलेच होते. तेवढ्यात अक्कांनी हात जोडले. "साहेब, तुमचं मन मोठं आहे. पण नावं नकोत. तेवढं कलम बदला."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "तुमची मर्जी," असे म्हणून त्यांनी घंटी वाजवली आणि पुढच्या माणसाला आत बोलावले. चहा तसाच राहिला.

बाहेर पायऱ्यांवर कावेरीचा बांध फुटला. "तुमची सख्खी बहीण असती, तर असं बोलला असतात का? दार उघडून उभा होता तो माणूस!"

अक्का रागावल्या नाहीत. त्या पायरीवर बसल्या आणि कावेरीलाही त्यांनी शेजारी बसवून घेतले.

"तुझा राग खरा आहे. मैनाचा बळी देऊन मी तत्त्व सांभाळणार नाही. ती माझ्या घरी राहील, तुझ्या बापाशी मी बोलते. पण ऐक. त्यांनी आज फोन केला असता, तर आपल्या मुली आत गेल्या असत्या आणि मागे दार पुन्हा लागलं असतं. आणखी एक. मेहेरबानीवर आत गेलेली मुलगी दुसरी भाकरी मागत नाही, कावेरी. भूक असली तरी मागत नाही. मी पाहिलंय ते. आणि ज्या मुली आपण कधी पाहिल्याच नाहीत, त्यांची नावं मी कुठून सांगू?"

कावेरीला हे सारे तेव्हाच पटले, असे नाही. पण ती कामाला लागली. बाप अक्कांच्या दारात येऊन तावातावाने बोलून गेला. अक्काही काही कमी नव्हत्या, मैना त्यांच्याकडेच राहिली. कावेरीने कायद्यातल्या दुरुस्तीचा मसुदा केला आणि आमदारांचे उंबरठे झिजवले. कुणी चहा दिला, कुणी उपदेश दिला, वेळ मात्र मोजक्यांनीच दिला. अखेर विधिमंडळाच्या समितीने सुनावणी ठेवली. त्या दिवशी अक्का गप्प बसल्या आणि मैना उभी राहिली.

एका ज्येष्ठ सदस्याने मायेने विचारले, "बाळ, तुझं गाव कोणतं?"

"हेच तर समदे इचारत्यात," मैना म्हणाली. "गाव न्हाई, सायेब. पन मी हाय न्हवं?"

कावेरीचा ऊर अभिमानाने भरून आला. आपण इतकी पाने खरडली, आणि सगळा कायदा या पोरीने दोन वाक्यांत सांगितला, असे तिला वाटले. पुढच्या अधिवेशनात दुरुस्ती संमत झाली. दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलीला वसतिगृह नाकारता येणार नाही, असे कलम आले आणि मैना ताठ मानेने आत गेली.

पुढे एकदा गुरुशिष्या दूरच्या एका जिल्ह्यातल्या वसतिगृहात काही कामासाठी गेल्या होत्या. दारातच खुर्ची टाकून अक्का बसल्या होत्या. एक अनोळखी मुलगी आईबरोबर पत्र्याची पेटी ओढत आली. आईने सवयीने कारकुनापुढे हात जोडले.

"दाखला?" कारकुनाने विचारले.

"हात कशाला जोडतीस, आये?" मुलगी म्हणाली. मग कारकुनाकडे वळली. "दाखला लागत न्हाई. कायदाच हाय तसा." तिने पेटीला हात घातला आणि अक्कांना म्हणाली, "आजी, पाय घ्या जरा. पेटी आत न्यायचीय."

कावेरी पुढे झाली. कुणाला पाय घ्यायला सांगतेस, ठाऊक आहे का, असे तिला विचारायचे होते. पण तिने अक्कांकडे पाहिले. लगबगीने पाय जवळ घेताना त्या म्हातारीचा चेहरा असा उजळला होता, की एवढ्या वर्षांच्या हारतुऱ्यांनीही कधी उजळला नसेल.

कावेरीने वाकून पेटीची दुसरी कडी धरली.