थोरलीच्या ओठातली माशी

"पण बाबा, बारीक लावू की जाड?"

दस्तगीरबाबांनी कैरीची फोड मिठात बुडवली, तोंडात टाकली आणि एक डोळा मिटला.

"कशाला?"

"थोरलीला. आज काहीही करून तिला काढायलाच हवं."

शार्दूलने पत्र्याचा डबा उघडला. आत तंगुसाची, मासे धरायच्या पारदर्शक दोऱ्याची, रिळं दागिन्यांसारखी मांडून ठेवली होती. छडीच्या जाड दोरीपुढे निमुळता होत जाणारा लीडर, आणि लीडरच्या टोकाला शेवटचा हातभर टिपेट. गळावर पिसं नाहीतर लोकर गुंडाळून केलेली नकली माशी बांधायची ती या टिपेटला. सगळी मदार त्या हातभर तंगुसावर.

"जाड लावला तर तिला दिसतो, ती फिरकतच नाही," शार्दूल म्हणाला. "बारीक लावला तर येते, पण तुटतो. नायलॉन ताण सोसतं, पण पाण्यात चकाकतं. फ्लुरोकार्बन दिसत नाही, खडकाला घासलं तरी टिकतं. पण त्याची गाठ दगा देते."

"सगळंच ठाऊक आहे की तुला."

"हो."

"मग मागल्या खेपेला तुटला कसा?"

शार्दूल रिळं उगाचच सरळ करू लागला.

बाबा फकीर माणूस. नदीच्या या कोंडीवर, खोल डोहाच्या काठी, त्यांचा तकिया. कोंडीत महसीर मासे, एकेक माणसाच्या मांडीएवढा. गळाला लावावेत, हातात घेऊन बघावेत आणि सोडून द्यावेत, अशी इथली रीत. आणि दुसरी रीत जरा जाचक. तंगूस तुटून मासा गळासकट गेला, तर तो गळ सुटेपर्यंत ज्याचा तंगूस तुटला त्याने मीठ खायचं नाही.

रोज सकाळी बाबा पायऱ्यांवरून चुरमुरे फेकायचे. मासे वर यायचे. थोरलीही यायची, सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत शेवटी. तिच्या खालच्या ओठात लाल लोकरीची माशी रुतलेली. शार्दूलने स्वतःच्या हाताने बांधलेली. चुरमुरे तिच्या तोंडात जायचे कमी आणि बाहेर सांडायचे जास्त. पूर्वी पाठ कशी रुंद दिसायची. आता नुसतं डोकंच मोठं दिसत होतं.

आणि छडीची सावली पाण्यावर पडली रे पडली, की ती गायब.

"बाबा, परवा धरणाचं पाणी सोडणार आहेत. ती वर निघून जाईल. मग तिचं काय झालं, मला कसं कळणार?"

"नाहीच कळणार."

"म्हणजे मी जन्मभर अळणी?"

"बरेच लोक राहतात. डॉक्टर सांगतो त्यांना."

"चेष्टा नका करू हो. त्या दिवशी लग्नाच्या पंगतीत नुसती जिलबी खाऊन उठलो. लोकांना वाटलं, ब्लडप्रेशर आहे." त्याचा आवाज खाली आला. "मिठाचं जाऊ द्या. ती वाळत चाललीय, बाबा."

बाबांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. मग मिठाची पुडी मिटून कनवटीला लावली.

"दे डबा."

त्यांनी डब्यात न बघताच एक रीळ उचललं, हातभर तंगूस तोडला.

"बस खाली. तोंड वर."

शार्दूलला मिशीचा भारी अभिमान. दोन्ही टोकांना पीळ, पिळाला तेल. बाबांनी उजव्या टोकाला तंगूस गुंडाळला, गाठ मारली, थुंकी लावून आवळली. शार्दूलच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा..."

"गाठ ओली करून आवळावी. तूच सांगत असतोस ना सगळ्यांना?" तंगुसाचं दुसरं टोक त्यांनी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरलं. "आता मी गळवाला, तू मासा. हा तुटला तर छडी इथे ठेवायची आणि घरी जायचं. पुन्हा कोंडीवर दिसायचं नाही."

"आणि थोरली?"

 तोंड शार्दूलकडे ठेवून बाबा उलट्या पावलांनी पायऱ्या उतरू लागले.

शार्दूल निघाला. पहिल्याच पायरीवर शेवाळावरून पाय जरासा सरकला. मिशीला बारीक हिसका बसला.  बाबांची चिमूट मात्र तशीच पुढे धरलेली होती, जराही हलली नाही. तो सावरला. तंगूस तर दिसतच नव्हता. शार्दूलने नजर चिमटीवर खिळवली. चिमूट खाली गेली की तो खाली. चिमूट डावीकडे की तो डावीकडे. मान ताठ, श्वास अर्धा.

पाणी घोट्यापर्यंत आलं. गुडघ्यापर्यंत. कमरेला लागलं तेव्हा विजार ओली झाल्याचंही त्याला कळलं नाही.

चिमूट थांबली. तो थांबला.

बाबांनी दुसऱ्या हाताने झोळीतले चुरमुरे काढून त्याच्या भोवती फेकले.

"हलू नकोस. तुटेल."

तो कसला हलतोय. मासे आले. त्याच्या पोटऱ्यांना घासून गेले. एकाने अंगठा चाखून पाहिला. शार्दूल दगडासारखा उभा.

सगळ्यांत शेवटी ती आली. संथपणे. त्याच्या हाताशी येऊन तिने तोंड वर काढलं. लाल लोकर आता विटकरी झाली होती. गळ गंजून सैल पडला होता.

शार्दूलने मान न हलवता हात खाली नेला... दोन बोटांत माशी धरली... आणि काढली.

थोरलीने एक चुरमुरा गिळला. मग आणखी एक. मग गेली.

"सुटली," शार्दूल पुटपुटला. ओठ फारसे न हलवता.

"दिसलं."

दोघं पायरीवर येऊन बसले. अंगावरून पाणी निथळत होतं. बाबांनी कनवटीची पुडी काढली. मीठ ओलं झालं होतं. ती त्यांनी शार्दूलपुढे सरकवली आणि उरलेली कैरी कापली.

शार्दूलने फोड मिठात बुडवली, पण तोंडाशी नेऊन थांबला.

"बाबा, आता तरी सांगा. मिशीला कुठला बांधला होतात? नायलॉन की फ्लुरोकार्बन?"

"कुणास ठाऊक. पहिल्या पायरीवरच तुटला तो."

शार्दूलने मिशीला हात लावला. गाठ होती. गाठीपुढे बोटभर तंगूस लोंबत होता. त्याच्यापुढे काहीच नव्हतं.

बाबांनी कैरीची फोड तशीच, नुसती, तोंडात टाकली. या वेळी दोन्ही डोळे मिटले.

"मीठ घ्या ना," शार्दूल म्हणाला.

"कसं घेऊ? तंगूस माझ्या हातून तुटला. तुझ्या मिशीतली गाठ सुटेपर्यंत मी अळणी."