गव्हर्नरचं उष्टं

चिलीमधलं यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं. उदारमतवादी हरले, पुराणमतवादी जिंकले, आणि जिंकलेल्यांच्या डोक्यात हवा गेली. सान युलोहियो गावी आलेल्या नव्या गव्हर्नरच्या, डॉन एव्हारिस्तोच्या, डोक्यात तर जरा जास्तच.

आल्या आल्या तो रोसेंदाबाईच्या खाणावळीत शिरला आणि सगळ्यांसमोर त्यानं फर्मान वाचलं. "उदारमतवाद्यांना इथं मज्जाव! त्यांचं उष्टं जो खाईल-पिईल, तोही उदारमतवादीच समजला जाईल! बाई, हाकल त्यांना, नाहीतर खाणावळीला टाळं ठोकतो."

"हुकूम शिरसावंद्य, सरकार," रोसेंदाबाई म्हणाली. "पण उन्हातून आलात, आधी आमचा माते घ्या."

माते म्हणजे तिकडचा चहाच म्हणा ना! भोपळ्याचं एकच भांडं, चांदीची एकच नळी, आणि ते बैठकीत हातोहात फिरतं. नळी पुसून प्यायलात तर यजमानाचा अपमान.

फिरत फिरत भांडं गव्हर्नरकडे आलं. त्यानं सवयीनं नळी तोंडात धरली, शेवटच्या थेंबापर्यंत माते ओढला आणि मिशीवरून हात फिरवला. "झकास! आता दाखव तुझे उदारमतवादी."

"दोन आहेत, सरकार. एक हा तुमच्या शेजारचा निकानोर लोहार. तुमच्याआधी नळी ह्याच्याच तोंडात होती."

"आणि दुसरा?"

"त्याला मी कशी हाकलू? फर्मान त्याच्याच हातात आहे."

गव्हर्नरनं कागदाकडे पाहिलं, निकानोरकडे पाहिलं. मग फर्मानाची घडी करून खिशात घातली आणि रिकामं भांडं पुढं केलं.

"भर बाई, अजून एक."