टॉर्चच्या उजेडात

"त्या बाईंना टॉर्च मागावा लागला, यात माझ्या डिझाइनचा काय दोष, सर?"

अँसेल्म तुस्कानोचा आवाज नव्या चर्चच्या भिंतींवर आपटून परत आला.

वसईजवळच्या आपल्याच गावात त्यानं हे चर्च बांधलं होतं. भिंतींना एकही खिडकी नाही. फक्त मुख्य दाराच्या वर एक उभी, अरुंद फट. दुपार कलली की तिच्यातून उन्हाचा एकच झोत येई आणि थेट वेदीवर पडे. बाकी अंधार. लांबलांबून लोक फोटो काढायला येत.

लोपीस सर बाकावर बसले होते. अँसेल्मला वास्तुकला त्यांनीच शिकवली होती.

आदल्या दुपारी इथं अंत्यविधी झाला. जसिंताबाईंचा तरणा मुलगा अपघातात गेला. बाई कुवेतला नोकरीला. विमानतळावरून तशाच चर्चमध्ये आल्या. शवपेटी वेदीच्या पायऱ्यांखाली, अंधारात ठेवलेली. त्या वाकून, डोळे ताणून बघत राहिल्या. मग मागं वळून म्हणाल्या,

"कुणाकडं टॉर्च आहे का रे? माझं पोर मला दिसत नाही..."

कुणीतरी मोबाइल धरला. त्या पांढऱ्याफटक उजेडात आईनं मुलाचं तोंड पाहिलं. वर वेदी नुसती लखलखत होती.

"दिवे लावता आले असते," अँसेल्म म्हणाला.

"दिवे तू बसवू दिले नाहीस." सरांचा आवाज चढला. "फादरांशी भांडलास. दिव्यांनी झोत मरतो म्हणालास."

"मरतोच!"

"मग काल काय जगलं?"

"सर, अंधार असतो म्हणून तर उजेड दिसतो. हे तुम्हीच शिकवलंत."

सर ताडकन उठले. पायऱ्या चढून वेदीपाशी गेले आणि दाराकडं तोंड करून ऐन झोतात उभे राहिले. पांढरे केस पेटल्यासारखे झाले.

"दिसतो मी?"

"स्पष्ट दिसता. प्रत्येक सुरकुती दिसते." अँसेल्मला अभिमान लपवता आला नाही.

"मला तू दिसत नाहीस."

"डोळ्यांवर ऊन येतंय, सर..."

"फादर रोज इथंच उभे राहतात. बाकावर कोण रडतंय, कोण आलंच नाही, त्यांना काय दिसत असेल? देवाच्या घरात उजेड आणलास, गाढवा, आणि माणसं पुसून टाकलीस!"

अँसेल्मचा चेहरा लाल झाला. कॉलेजातसुद्धा सर त्याला असं कधी बोलले नव्हते.

"मग पाडू का भिंती? ठोकू खिडक्या, चार घरांना असतात तशा? लोक हसतील मला!"

झोत सरकत वेदीवरून मागच्या भिंतीवर चढला, तिथं थोडा रेंगाळला आणि विझला. आता दोघंही एकमेकांना धड दिसत नव्हते.

अँसेल्म दबक्या आवाजात म्हणाला,

"काय करू, ते तरी सांगा."

"जसिंताबाईंच्या घरी जा," अंधारातून सर कडाडले. "मुलाचा फोटो त्यांनी कुठल्या भिंतीवर लावलाय आणि त्याच्यावर उजेड कुठून पडतो, तेवढं बघून ये."